बारावीला ६४ टक्के पडले, मग मेडिकल संपलं का?

"मॅडम, आता नीटला चांगले मार्क आले तरी काय उपयोग?" खुर्चीत धड टेकायच्या आधीच सईच्या बाबांनी विचारलं.

सई हे नाव मी ठेवलंय आणि घरचे काही तपशील बदललेत. बाकी गोष्ट जशी घडली तशीच आहे. २०२५ चा मे महिना. ४ तारखेला, रविवारी नीट, म्हणजे मेडिकलची देशभरातली प्रवेश परीक्षा, झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. तीन तासांचा पेपर देऊन थकलेली मुलं पुरती झोपलीही नव्हती. गुरुवारी संध्याकाळी लालबागहून हे तिघं प्रवेशाचा सल्ला विचारायला माझ्याकडे दादरला आले. बाबा पोस्टात, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, आणि मधल्या खुर्चीत सई.

बाबांनी फोल्डरमधून निकालाची प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. चार दिवसांत ती इतक्या वेळा उघडून मिटली होती की नेमकी फिजिक्सच्या ओळीवर घडी पडून तिथली शाई उडाली होती. ६०० पैकी ३८५, म्हणजे ६४.१७ टक्के. फिजिक्स ५४, केमिस्ट्री ६१, बायोलॉजी ७३. इंग्रजी ६६.

"दहावीला ९१ होते हिला," आई हळूच म्हणाली. एवढं म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मे-जून महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन घरांपैकी एकाचा तरी हाच प्रश्न असतो. बारावीला ७० आले, ६२ आले, ५८ आले. आता कुठलं मेडिकल कॉलेज दारात उभं करणार? प्रश्न साधा वाटतो, पण घरात त्यावरून जे काही झालेलं असतं ते साधं नसतं. सईशी तिचे बाबा सोमवारपासून बोलले नव्हते.

मी बाबांना विचारलं, "बारावीचे मार्क मेडिकलच्या लिस्टला धरतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे? आमच्या घरात झालंय ते." त्यांचा मोठा भाऊ १९९३ साली बारावी झाला. चाळीत तेव्हा त्याच्याएवढं हुशार कुणी नव्हतं. पीसीबीच्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या, दोन मार्कांनी त्याचं मेडिकल हुकलं आणि पुढं आयुष्यभर घरात कुणी आजारी पडलं की आजी म्हणायची, "दोन मार्क मिळाले असते तर आज घरात डॉक्टर असता." बाबा हे ऐकतच मोठे झाले.

ते बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या काळी महाराष्ट्रात बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या बेरजेवरच मेडिकलच्या याद्या लागायच्या. एकेका मार्कावर माणसांची आयुष्यं फिरली. पुढं राज्याची सीईटी ही वेगळी प्रवेश परीक्षा आली, त्यानंतर नीट आली, आणि २०१७ पासून तर राज्यातले सगळे एमबीबीएस प्रवेश नीटवरच होतात. नियम बदलले तरी त्या दोन मार्कांची भीती मात्र तशीच पुढच्या पिढीकडे आली. माझ्यासमोर बसलेली सई आपल्या काकांचाच निकाल भोगत होती.

मी कागद घेतला आणि तीन आकडे मांडले. ५४, ६१, ७३. बेरीज १८८. "आता हे बघा. एमबीबीएसला पात्र व्हायला खुल्या वर्गातल्या मुलाला बारावीत पीसीबी मिळून ५० टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०. राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. खुल्या वर्गातल्या दिव्यांग मुलांना ४५ टक्के. शिवाय तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत वेगवेगळं पास असायला हवं. सईचे १८८ आहेत. बारावीचं काम एवढंच होतं, ते झालं."

"आणि लिस्ट?"

"लिस्ट नीटच्या रँकवर. ७२० पैकी किती मिळाले त्यावर. १८० प्रश्न, बरोबर आला तर चार मार्क, चुकला तर एक वजा. त्यात ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे. राज्याचा सीईटी सेल कॅप राउंडची, म्हणजे प्रवेश फेऱ्यांची, यादी लावतो, तीही नीटच्या रँकनेच. समजा दोन मुलांना नीटला सारखेच मार्क पडले, तरी बारावीचे टक्के कुणी बघत नाही. आधी नीटमधले बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स."

"म्हणजे ६४ वाला आणि ९४ वाला सारखाच?"

"त्या यादीत, हो. सारखाच."

बाबांनी चष्मा काढला आणि रुमालानं बराच वेळ पुसत बसले. सई पहिल्यांदाच वर बघत होती.

तरी तेवढं सांगून त्यांना घरी पाठवणं मला बरोबर वाटलं नाही. ६४ टक्के का पडले हे सईला स्वतःच्या तोंडानं सांगता यायला हवं होतं, नाहीतर 'मी ढ आहे' हेच ती बरोबर घेऊन गेली असती. मी तिला नीटची प्रश्नपत्रिका आणायला सांगितलं होतं. ती पुस्तिका परीक्षेनंतर मुलांकडेच राहते. सईनं तिच्यात पेनानं उत्तरांवर गोल केले होते. बायोलॉजीची पानं अगदी स्वच्छ, गोलाशेजारी गोल. फिजिक्सच्या पानांवर मात्र कच्च्या कामाची इतकी गर्दी की कडा मऊ पडल्या होत्या. त्या वर्षी फिजिक्स कठीण गेल्याचं सगळीच मुलं सांगत होती. सईनंही बरेच प्रश्न सोडून दिले होते, पण जे सोडवले होते त्यातली मांडणी बरोबर होती. ज्या मुलीला बोर्डात फिजिक्सला ५४ आहेत, तिची ही मांडणी वाटत नव्हती.

"बोर्डाच्या पेपरात काय झालं?" मी विचारलं.

"डेरिव्हेशन लिहायची सवयच नव्हती," ती म्हणाली. "बालभारतीचं फिजिक्सचं पुस्तक मी जानेवारीत उघडलं. क्लासमध्ये एनसीईआरटीचं, म्हणजे सीबीएसईवाल्यांचं पुस्तकच चालायचं. उत्तर माहीत असायचं, पण तीन मार्कांसाठी कसं लिहायचं ते कळत नव्हतं."

हे मी दरवर्षी ऐकते. नीटची तयारी म्हणजे चार पर्यायांतून एक निवडणं, बोर्डाचा पेपर म्हणजे पायरी पायरीनं लिहिणं. दोन वर्षं फक्त पहिलं केलेल्या मुलाला दुसरं जमत नाही, यात बुद्धीचा प्रश्न नसतो. आईंकडे वळून मी एवढंच म्हटलं की दहावीच्या ९१ नं सईला अकरावीला हवं ते कॉलेज मिळालं, त्याचं काम तिथंच पूर्ण झालं. त्या शिक्षिका आहेत, लगेच समजल्या.

इथं मला दुसऱ्या एका मुलाबद्दल लिहायलाच हवं, कारण 'बारावीला काही किंमत नाही' एवढाच अर्थ कुणी घेऊन गेलं तर माझ्या हातून नुकसान होईल.

काही वर्षांपूर्वी बोरिवलीहून एक मुलगा आला होता. खुल्या वर्गातला. इंटिग्रेटेड क्लासला जायचा, कॉलेज फक्त नावाला, प्रॅक्टिकलपुरतं. क्लासमध्ये त्याला सांगितलेलं की बोर्डाचं टेन्शन घेऊ नकोस, पास झालास की पुरे. नीटला त्याला असे सुंदर मार्क पडले की सरकारी कॉलेज नक्की होतं. आणि पीसीबीची बेरीज होती १४७.

तीन मार्क कमी.

पास होणं वेगळं आणि पात्र होणं वेगळं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिन्ही विषयांत ३५-३५ घेऊन मुलगा बारावी पास होतो, पण बेरीज १०५ होते आणि मेडिकलचं दार १५० ला उघडतं. त्यांनी बोर्डाच्या वाशीच्या ऑफिसमधून उत्तरपत्रिकांच्या फोटोकॉपी मागवल्या, पुनर्मूल्यांकन करून घेतलं. मार्क तेवढेच राहिले. नीटचा स्कोअर फक्त त्याच वर्षासाठी धरतात, म्हणून तो वाया गेला. पुढच्या वर्षी त्यानं बोर्डाची परीक्षा श्रेणीसुधारासाठी पुन्हा दिली आणि नीटही पुन्हा दिली. आज तो एमबीबीएस करतोय. पण त्या जूनमध्ये त्याची आई माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली होती, ते मी विसरलेले नाही. क्लास लावताना लाखभर प्रश्न विचारतो आपण. '१५० चं काय?' हा एक विचारायचा राहतो.

आणखी एक दार असं आहे जिथं उंबरठा जरा वर आहे. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजला, पीसीबीत ६० टक्के लागतात, शिवाय प्रत्येक विषयात आणि इंग्रजीत किमान ५०. सईच्या मनात ते होतं. १८८ म्हणजे ६२.६७ टक्के, आणि सगळ्यात कमी ५४. तिथंही ती पात्रच होती. हे सांगितल्यावर ती एकदम खुर्चीत पुढे सरकून बसली. "खरंच?" निकाल लागल्यापासून तिनं आपल्या मार्कांकडे बघून पहिल्यांदा आनंद व्यक्त केला असावा.

बारावीचे टक्के खरोखर कुठं नडतात तेही मी तिला स्पष्ट सांगितलं. मेडिकल नाही झालं आणि बी.एस्सी.ला जावं म्हटलं, तर मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांच्या मेरिट लिस्ट बारावीच्या मार्कांवर लागतात. तिथं ६४ ला पहिल्या यादीत नाव दिसणं कठीण. फार्मसीसाठी तिनं सीईटीचा पीसीबी ग्रुप दिला होता, हे शहाणपणाचं. बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, हे सगळं नीटवरच. मनात काय काय आहे ते आत्ताच कागदावर लिहून ठेव, जूनमध्ये निकालाच्या दिवशी नको, असं मी तिला म्हटलं.

बाबांना मी वेगळं काम दिलं. असे बाबा हात रिकामे असले की मुलीवर चिडतात, हे इतक्या वर्षांत मला कळलंय. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातली सरकारी जागा हवी तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, हवं. सई ओबीसीतून फॉर्म भरणार होती, म्हणजे जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि चालू नॉन-क्रीमीलेअर. यातलं जात प्रमाणपत्र सोडलं तर काहीच तयार नव्हतं. "टक्क्यांनी हिचं काही अडणार नाही, पण या तीन कागदांपैकी एक जरी नसला तरी अडेल," मी म्हटलं. "आणि वैधतेला वेळ लागतो. उद्यापासून सुरुवात करा."

त्यांनी खिशातून पोस्टाचं निळं बॉलपेन काढलं आणि प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक-एक लिहून घेतलं. आपले सरकार पोर्टल. फोर्टचं जुनं जकात घर. वैधता समिती. चार दिवस ज्या कागदाकडं बघून ते मुलीशी बोलले नव्हते, त्याच्याच पाठीवर.

निघताना सई दाराशी थांबली. "मॅडम, बाबांच्या मोठ्या भावाला, म्हणजे मोठ्या काकांना, मी हे सांगू का? की आता दोन मार्कांचं तसं नसतं?"

"त्यांना कसं वाटेल?"

तिनं विचार केला. "वाईट वाटेल. पण सोमवारपासून त्यांचेच फोन येतायत. ते मला एकटीला फोन करतात आणि म्हणतात, रडू नकोस. त्यांना असं वाटतंय की माझंही त्यांच्यासारखंच झालं."

"मग सांग," मी म्हटलं.

१४ जूनला नीटचा निकाल लागला. संध्याकाळी सईचा फोन आला. तिचे मार्क तिच्या परवानगीशिवाय मी इथं लिहिणार नाही. मागं बाबांचा आवाज येत होता. जात वैधतेचा अर्ज मेच्या मध्यालाच भरून झाला होता, त्याची पावती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीय ते ते कुणाला तरी समजावून सांगत होते. "मोठे काका आलेत," सई म्हणाली. "प्रेफरन्स फॉर्म कसा भरायचा ते त्यांना बघायचंय."

केईएम पहिलं टाकायचं की जेजे, यावर दोघा भावांचं काहीतरी सुरू झालं होतं.