हेडफोन लावला की बोलतो, काढला की मुका

प्रश्न : मी ऑनलाइन शिकवण्या घेते. गेल्या आठवड्यात लॅपटॉपने आपणहून कसली कसली अपडेट्स घेतली, त्यात ऑडिओ ड्रायव्हरही होता. तेव्हापासून माझा आवाज मुलांपर्यंत जात नाही. त्यांचा मला नीट येतो. मोबाइलचा वायरवाला हेडफोन लावला, तर माझाही जातो. ‘रिअलटेक’चा ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, आतला माइक गेला, बदलावा लागेल. खरंच गेला असेल का?

उत्तर : बाई, दुरुस्तीवाल्याला थोडं थांबवा. काल चालणारा माइक नेमका अपडेटच्याच रात्री जळतो, हा योगायोग मी तरी सहजी मानणार नाही. आणि खरी खूण तुम्ही पत्रातच दिली आहे : हेडफोनवरून आवाज जातो.

हेडफोनचा माइक आणि लॅपटॉपच्या झाकणातला माइक एकाच वाटेने जात असतील असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं. हेडफोनचा आवाज जातो ऑडिओ चिपकडे. रिअलटेकचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, तिचा. झाकणात कॅमेऱ्याशेजारी सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं असतात, त्यांच्यामागचे माइक मात्र अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिजिटल असतात. ते त्या चिपला वळसा घालून थेट प्रोसेसरमधल्या ध्वनीच्या भागाला जोडलेले असतात. त्या भागाचा ड्रायव्हर वेगळा. इंटेलच्या मशीनवर तो ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ या नावाने दिसतो, एएमडीच्या मशीनवर ‘एएमडी ऑडिओ कोप्रोसेसर’. अपडेटमध्ये रिअलटेकच्या आणि या ड्रायव्हरची सांगड सुटली की झाकणातला माइक मुका होतो आणि हेडफोन खुशाल चालू राहतो. तुम्ही दोनदा काढून टाकलात तो रिअलटेकचा. म्हणजे ज्या नळाला पाणी येत होतं, त्याचीच तोटी बदललीत.

आता विंडोजची कळ दाबून धरून एक्स दाबा आणि यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स’च्या खाली ‘मायक्रोफोन ॲरे’ असं काही दिसतं का? दिसत असेल, तर ड्रायव्हर जागेवर आहे आणि भानगड सेटिंगची आहे. त्याचं पुढे सांगतो. दिसत नसेल, तर ‘सिस्टिम डिव्हाइसेस’ आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हे दोन्ही भाग उघडून वर सांगितलेली नावं शोधा. एखाद्यावर पिवळा त्रिकोण असला, तर चोर सापडला. त्याच्यावर दोनदा क्लिक करा, ‘ड्रायव्हर’ या टॅबवर जा आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो. मशीन रीस्टार्ट करायला विसरू नका.

ते बटण फिकट दिसलं, तर परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर जा, खालच्या स्टिकरवरचा नेमका मॉडेल क्रमांक टाका आणि त्याच मॉडेलचं ऑडिओ पॅकेज उतरवून घ्या. जोडीने लागणारे ड्रायव्हर बहुतेकदा त्या एकाच पॅकेजमध्ये येतात, म्हणून माझा कल त्याकडे. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करतो’ म्हणणारी सॉफ्टवेअरं मी माझ्या मशीनच्या आसपासही येऊ देत नाही. जुना ड्रायव्हर बसल्यावर ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन अपडेट्स काही आठवडे थांबवून ठेवा, नाहीतर तोच नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसायचा.

आता सेटिंगचं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘मायक्रोफोन’. तिथली वरची दोन बटणं बघून लोक परत फिरतात. खाली ‘लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युअर मायक्रोफोन’ हे तिसरं असतं, तेही चालू हवं. मग ‘सिस्टिम’, ‘साउंड’ आणि ‘इनपुट’मध्ये झाकणातलाच माइक निवडलेला आहे ना, ते पाहा. वर्गाच्या ॲपमध्ये माइक वेगळा निवडावा लागतो, आणि तिथे अजून हेडफोनच ठाण मांडून बसलेला असू शकतो. म्हणून चाचणी ॲपमध्ये करू नका. विंडोजचा साधा साउंड रेकॉर्डर उघडा, दहापर्यंत आकडे म्हणा आणि ऐका. तिथे आवाज आला, तर मशीन बरं आहे, ॲपला धरा.

आणि हो, कीबोर्डवर माइकवर काट मारलेलं चित्र असलेली कळ आहे का बघा. मी स्वतः एक अख्खा रविवार ड्रायव्हर काढण्या-घालण्यात घालवला होता. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी खोलीत अंधारलं, तेव्हा त्या कळीवरचा इवलासा दिवा दिसला. एकदा दाबली, काम झालं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

प्रश्न : मी बासरी शिकवतो. अपडेटनंतर माझं बोलणं स्पष्ट जातं, पण लांब सूर धरला की दोन-तीन सेकंदांत तो विरून जातो, असं विद्यार्थी म्हणतात. माइक बदलू का?

उत्तर : नको. तुमचा सूर फार स्थिर आहे, हीच अडचण! गोंगाट गाळणारी सॉफ्टवेअरं एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंखा समजतात आणि दाबून टाकतात. नव्या ड्रायव्हरबरोबर ती सोय चालू झालेली दिसते. ‘साउंड’मध्ये माइकच्या नावावर क्लिक करून ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ बंद करा. झूम वापरत असाल, तर त्यात ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर विंडोजने सोडलेला सूर झूम गाळेल.

प्रश्न : आवाज जातो, पण खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक. मला ओरडून बोलावं लागतं.

उत्तर : ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, ‘रेकॉर्डिंग’, माइकवर दोनदा क्लिक, ‘लेव्हल्स’. वरची पट्टी 100 वर न्या. खाली ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसला, तर आधी 10 डेसिबल देऊन पाहा. एकदम 30 वर नेऊ नका, आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि कळांची खटखटही तेवढीच वाढते. बूस्टची पट्टीच नसेल, तर वरच्या बाईंसारखा तुमचाही माइक डिजिटल असण्याची शक्यता आहे. मग त्यांचं उत्तर वाचा.