२१ लाखांची क्यू ७ आणि सारंगखेड्याची वाट

नाशिकच्या एका दंतवैद्यांचं पत्र आहे. वय ४४, क्लिनिकचा खर्च वजा जाता महिन्याला २ लाख ६० हजार हाती येतात, घराचा हप्ता ४८ हजार. रोज ३४ किलोमीटर गाडी चालते. घरी दोन मारवाडी घोडे आहेत. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा आणि आणखी दोन-तीन ठिकाणं धरून वर्षाला चार फेऱ्या होतात. दिल्लीत २०१६ ची ऑडी क्यू ७ डिझेल २१ लाखांना मिळते आहे. जुनी क्रेटा विकून ३ लाख, मुलीच्या शिक्षणाच्या म्युच्युअल फंडातून ६ लाख आणि १२ लाखांचं कर्ज असा बेत आहे. रोज वापरता येईल, घोड्यांचा ट्रेलरही ओढता येईल. घ्यावी का?

डॉक्टरसाहेब, गाडी सुंदर आहे यात वाद नाही. तीन लिटरचं व्ही ६ डिझेल इंजिन, ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. दोन घोडे आणि ट्रेलर मिळून पावणेदोन टनांच्या आसपास वजन होईल, ते तिला जड नाही. तरी माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि त्याला घोडे कारण नाहीत.

ही पिढी भारतात आली तेव्हा किंमत ७२ लाखांपासून सुरू होती. आज ती २१ वर आली. पण तिचे सुटे भाग अजून ७२ लाखांच्या गाडीचेच आहेत, त्यांची किंमत वयाबरोबर उतरत नाही. एअर सस्पेन्शनचा एक स्ट्रट (चाकावरचा धक्के सोसणारा खांब) अधिकृत वर्कशॉपमध्ये लाखाच्या घरात जातो, आणि एक गेला की दुसराही फार मागे राहत नाही. चार टायरांचा सेट लाखभर धरा. त्यात विमा. १० वर्षांच्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, मिळणं कठीण, आणि १० वर्षं ओलांडल्यावर क्लेममध्ये पत्र्याच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर तर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. बंपर फुटला तर निम्मं बिल तुमचं.

स्वस्ताईचं कारण दिल्लीत आहे. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढेही कोर्टकचेरी चालूच राहिली, पण गिऱ्हाइकाच्या मनातली धास्ती काही गेली नाही. म्हणून गाड्या मातीमोल विकल्या जातात आणि आपल्याकडे येतात. (गंमत म्हणजे क्यू ७ ची जुळणी आपल्या छत्रपती संभाजीनगरात होते. तिथली गाडी दिल्लीला जाऊन ‘परराज्यातली’ होऊन परत येणार.) इथे आणल्यावर एनओसी (दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आणि नव्याने नोंदणी तर आहेच, शिवाय रोड टॅक्स ठरतो तो मूळ किंमत आणि वय बघून, तुम्ही मोजलेल्या २१ लाखांवर नाही. एजंटने सांगितलेला आकडा मी धरणार नाही, आरटीओतून काढून आणा.

आता कर्ज. बँकेने नकार दिला आणि एका फायनान्स कंपनीने १४ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी तयारी दाखवली, असं तुम्हीच लिहिलंय. हप्ता २७,९०० च्या आसपास, एकूण व्याज पावणेपाच लाख. शेवटचा हप्ता जाईल २०३१ मध्ये. त्याच वर्षी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपते! बँकेने हेच पाहिलं असणार.

वर्षाचा मेळ असा बसतो: हप्ते ३ लाख ३५ हजार, डिझेल शहरात लिटरला ९ किलोमीटर धरून सव्वा लाखाच्या आसपास, विमा ६०-७० हजार, आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवायचे २ लाख. महिन्याला ६० हजार. घराचा हप्ता मिळवला की १ लाख ८ हजार, म्हणजे हातातल्या पैशाचा ४१ टक्के भाग आधीच गेला. दाराशी हत्ती झुलवायला हरकत नाही, पण त्याचा चारा मुलीच्या फंडातून काढताय. तिला ६ वर्षांनी पैसे लागणार. हेच ६ लाख वर्षाला १० टक्क्यांनी वाढले तर साडेदहा लाखांच्या वर जातात.

‘क्लिनिकच्या खर्चात दाखवू’ हेही लिहिलंय. मिळकतीचा ठरावीक भाग नफा धरणाऱ्या योजनेखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही. हिशेबाची वही ठेवत असाल तर धंद्यापुरत्या वापरावर १५ टक्के घसारा मिळेल, पण ३० टक्क्यांच्या पट्टीतही १०० रुपये खर्चामागे ३१ रुपये २० पैसेच वाचतात. उरलेले तुमच्याच खिशातून जातात.

राहिला ट्रेलर. त्याचं कोटेशन साडेचार लाखांचं. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, म्हणजे त्याची नोंदणी आली. टो-बार (ट्रेलर जोडायचा दांडा) आणि वायरिंग वेगळं. ट्रेलर जोडून अपघात झाला तर पॉलिसी काय म्हणते, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावं लागेल. आज घोडे नेणारा पिकअपवाला एका फेरीचे १४ हजार घेतो. वर्षाला ५६ हजार. नुसत्या ट्रेलरच्या पैशात आठ वर्षं घोडे फिरतील, आणि घाटात मागे काय डुलतंय याची काळजी दुसऱ्याची.

मी तुमच्या जागी असतो तर क्रेटा आणखी वर्षभर ठेवली असती आणि दर महिन्याला ४५ हजार वेगळ्या खात्यात टाकले असते. जड गेले तर उत्तर मिळालं. नाही गेले तर वर्षाअखेरीस ५ लाख ४० हजार हातात असतील. मग महाराष्ट्रात नोंद असलेली, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डची तीन-चार वर्षांची स्कॉर्पिओ-एन बघा. बँक कर्जही देईल. नव्या गाडीचा भावही विचारा. मोठ्या एसयूव्हींवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५० ऐवजी ४० टक्के झाला, त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाशी घासाघीस करायला जागा आहे.

दिल्लीच्या विक्रेत्याला दिलेलं २५ हजारांचं टोकन परत मागा. नाही दिलं, तर घोड्यांच्या जवळपास दोन फेऱ्यांचं भाडं गेलं असं धरा आणि त्याचा फोन उचलू नका.