मुंग्यांचं पहिलं सिम्युलेशन लिहिताना

मुंग्या नुसत्या गंधाच्या खुणांवरून अन्नाची वाट कशी धरतात, हे प्रोग्राममध्ये दाखवायचं म्हणताय; विषय छान निवडलात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी 1959 मध्ये वाळवीबद्दल हेच मांडलं: कामगार एकमेकांना सूचना देत नाहीत, आधी झालेलं कामच पुढच्या कामाला चालना देतं.

म्हणून मुंगीला दुसरी मुंगी दिसूच द्यायची नाही. तिने ग्रिडमधल्या (चौकटींच्या जाळीतल्या) आजूबाजूच्या चौकटींतला गंध वाचायचा आणि स्वतःच्या चौकटीत गंध सोडायचा, बस. नवशिके हमखास अन्नाच्या जागांची सामाईक यादी ठेवतात; तिथेच सगळा मुद्दा हातचा जातो.

त्याहून महागात पडते ती चूक म्हणजे गंध उडवायला विसरणं. अन्न संपतं, पण जुनी वाट तशीच राहते आणि सगळ्या तिथेच घुटमळतात. सिम्युलेशनच्या दर फेरीला एक-दोन टक्के गंध कमी करा आणि मग तो आकडा बदलत बसा. फार भरभर उडाला तर वाट धरतच नाही. इथे दिलेला वेळ वाया जात नाही, खरंच.

शिवाय:
- गंध फक्त अन्न घेऊन परतताना सोडा. घरची दिशा तिला ठाऊक आहे असं तूर्त धरा.
- चालीत थोडा यदृच्छपणा हवाच, नाहीतर जवळची वाट सापडणार नाही.

मुंग्यांच्या वागण्यावरून गणितं सोडवण्याच्या मार्को दोरिगो यांच्या पद्धती नंतर बघू. आधी पन्नास मुंग्या चालवा. अडलात तर ग्रिडचा आकार आणि गंध उडण्याचा दर कळवा.