लुईसचं मॉडेल घानात का चाललं नाही?

प्रश्न : सर, मी एमपीएससी करतेय. पुस्तकात अर्थतज्ज्ञ आर्थर लुईसचं मॉडेल आहे, शेतातली जादा माणसं कारखान्यात गेली की नफा वाढतो, तो परत गुंतवला की देश पुढे जातो. पण लुईस स्वतः घानाचा सल्लागार होता ना? मग घाना मागे राहिला आणि दक्षिण कोरिया पुढे गेला, असं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंत. लुईस 1957 ला, घाना स्वतंत्र झाला त्याच वर्षी राजधानी अक्राला गेला आणि पुढच्या वर्षी पंतप्रधान एन्क्रुमांशी मतभेद होऊन निघून गेला. पण माझ्या मते खरी मेख दुसरीकडेच आहे, कारखाना उभा राहिला तरी त्याच्या मागेपुढे देशात अजून काय उभं राहतं ते बघायला लागतं, आणि अर्थतज्ज्ञ हर्शमननं 1958 ला नेमकं हेच मांडलंय, तो तुमच्या पुस्तकात नसेल तर मुद्दाम शोधून वाचा.

घानातलं अकोसोंबोचं धरण घ्या. व्होल्टा नदीवर 1965 ला पूर्ण झालं, साधारण 80 हजार लोकांची गावं पाण्याखाली गेली, आणि विजेचा मोठा वाटा वर्षानुवर्षं स्वस्तात गेला टेमा शहरातल्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला, जो अमेरिकन कंपन्यांचा होता. चीड येते ती पुढचं वाचून. घानाकडे स्वतःचं बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज आहे, तरी अ‍ॅल्युमिना (त्या खनिजापासून काढलेली पूड) जहाजाने बाहेरून यायचा आणि तयार धातू जहाजानेच बाहेर जायचा, मधल्या मध्ये घानाच्या माणसाला शिकायला मिळालं ते थोडंच.

कोरियात पोहांगचा पोलाद कारखाना काढायचा म्हटल्यावर वर्ल्ड बँकेनं परवडणार नाही म्हणून हात वर केले. मग जपानकडून 1965 च्या करारात मिळालेला पैसा तिकडे वळवला, 1973 ला पोलाद निघालं आणि ते देशातल्याच जहाज आणि गाड्यांच्या कारखान्यांना मिळू लागलं. शिवाय बँका सरकारच्या ताब्यात, निर्यात करून दाखवेल त्याला स्वस्त कर्ज. त्याआधी 1950 ला कुळांना जमिनी वाटल्या होत्या, हे तर लोक विसरूनच जातात.

पण कोरियाचं नुसतं कौतुक लिहू नका. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही लष्करशहा होते, आणि 1970 मध्ये सोलच्या कपडा बाजारातला 22 वर्षांचा कामगार चॉन ते-इल, कामगार कायदा नुसता पाळा एवढंच मागत होता, त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. उत्तरात हे नाव आणाच, लुईस ज्यांना जादा माणसं म्हणतो त्यातलाच तो एक होता.