टीव्ही बॉक्समधले मालवेअर फॅक्टरी रिसेटने जाते का?

स्वस्तात घेतलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) निघाले, पण त्यावर बँकेचे अ‍ॅप नाही. तेव्हा फॅक्टरी रिसेट करून तो वापरत राहिले तर काय बिघडेल, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की तो बॉक्स आजच काढून ठेवावा.

रिसेटचा उपयोग मालवेअर कुठे बसले आहे त्यावर ठरतो. २०१६ साली गाजलेले मिराई नावाचे मालवेअर कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आणि राउटर यांत कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड वापरून शिरत असे. ते केवळ मेमरीत राहत असल्यामुळे उपकरण बंद करून चालू केले की नाहीसे होई. मात्र पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येई. टीव्ही बॉक्समध्ये सापडणाऱ्या बॅडबॉक्स या मालवेअरची गोष्ट निराळी आहे. ते पुष्कळदा बॉक्स ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, घातलेले असते, आणि रिसेट केल्याने आपण त्याच दूषित फर्मवेअरवर परत येतो. अशा टीव्ही बॉक्सविषयी अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात बाधित उपकरणांची संख्या १ कोटीहून अधिक सांगितली.

बँकेचे अ‍ॅप नसले तरी त्या बॉक्सकडे आपले इंटरनेट असते. तिऱ्हाईत माणसे त्याच्यामार्फत आपल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या आपल्या कनेक्शनच्या ओळख क्रमांकावरून) चोरलेले पासवर्ड वापरून पाहतात, जाहिरातींत फसवणूक करतात. तपास सुरू झाला की कनेक्शन आपल्या नावावर निघते. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती घरातल्या इतर उपकरणांची. राउटर बाहेरून येणाऱ्याला अडवतो, परंतु हा बॉक्स आधीच उंबरठ्याच्या आत असतो. राउटरचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असाच असेल, तर आतून त्याचे डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी नोंद, बदलता येते आणि घरातल्या प्रत्येक फोनला खोट्या संकेतस्थळाकडे वळवता येते.

माझ्या मावशीकडे रात्री टीव्ही बंद असताना राउटरवरचा, बॉक्सची केबल जिथे लावली होती तिथला हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता. केबल काढताच तो विझला. एवढ्याने मालवेअर सिद्ध होत नाही, कारण अपडेटही रात्री येतात. पण राउटरच्या पानावर अपलोडचा आकडा डाउनलोडपेक्षा कितीतरी मोठा दिसला, तेव्हा आम्ही तो बॉक्स पुन्हा जोडला नाही.

बॉक्स काढल्यावर राउटरचा आणि वाय-फायचा असे दोन्ही पासवर्ड बदला, डीएनएसची नोंद तपासा, यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करा आणि राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करा. कॅमेरा, स्मार्ट प्लग अशी उपकरणे राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) ठेवा. बाधित बॉक्स मात्र तिथेही नको, कारण गेस्ट नेटवर्कवरूनही आपलाच आयपी पत्ता वापरला जातो. तो कोणाला विकू किंवा देऊ नका, ई-कचरा संकलनात द्या.