आठ महिन्यांच्या लेकराला उन्हाळ्यात वावरात न्यावं का?

हो, न्या, पण सकाळी लवकर नेऊन नऊच्या आत घरी परत या, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघा. मी अंगणवाडीत काम करते. आपल्याकडे मे महिन्यात पारा कैकदा 45 अंशांपर्यंत जातो, आणि एवढ्याशा जिवाला घाम कमी येत असल्यानं त्याचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं.

निंबाखाली झोळी बांधलीत तर वरून जाड दुपट्टा टाकून ती बंद करू नका. ऊन लागू नये म्हणून बहुतेक आया हेच करतात, पण आत वारा खेळत नाही आणि लेकरू उकडून निघतं. सैल सुती झबलं आणि टोपरं पुरे. अंगावर नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. आठव्या महिन्यात उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्यानं देता येतं. (सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही फक्त आईचं दूध.) खाली रांगायला सोडाल तर धुऱ्यावरच्या दगडांपासून लांब, तिथं विंचू असतात. सहा तास लंगोट कोरडा राहिला, टाळू खोल गेली किंवा लेकरू मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठा आणि वाटेत पाजत राहा.

फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या वावरात मात्र लेकराला कोणत्याही वेळी नेऊ नका. फवारून आलेल्यानं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय त्याला उचलूही नये.