घाटवाटा आणि घडीची सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. शहरात वापरण्यासाठी २० इंची चाकांच्या, सात गिअर असलेल्या दोन फोल्डिंग सायकली आम्ही घेतल्या आहेत. येत्या हिवाळ्यात वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर असा प्रवास याच सायकलींवर करावा, अशी इच्छा आहे. लहान चाकांची सायकल घाट चढत नाही, असे परिचित सांगतात. ते खरे आहे का?
— कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. चाक लहान असले तरी पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जावी, हे पुढचे दातेरी चाक आणि मागची दातेरी चाके ठरवतात. फोल्डिंग सायकल बनवणाऱ्या कंपन्या लहान चाकाची उणीव भरून काढण्यासाठी पुढे मोठे दातेरी चाक बसवतात, आणि हे गणित त्यांनी सपाट शहरी रस्ता डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. घाटात अडचण होते ती यामुळे.

आपल्यासारख्या सायकलींना बहुधा पुढे ५२ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकाला २८ दाते असतात. आपल्या सायकलीचे दाते एकदा मोजून पाहावेत. चाकाचा घेर सुमारे १.५३ मीटर धरला, तर सर्वांत हलक्या गिअरमध्येही पेडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ २.८५ मीटर पुढे जाते, आणि लांब चढासाठी हे फार झाले. पुढे ४४ दात्यांचे आणि मागे १४ ते ३४ दात्यांचे सात गिअरचे फ्रीव्हील (मागच्या दातेरी चाकांचा संच) बसवले, तर हेच अंतर सुमारे २ मीटरवर येते. गुडघ्यांवरचा भार त्याने जवळपास तीस टक्क्यांनी हलका होतो. पुढचे चाक लहान आणि मागचे मोठे होत असल्यामुळे साखळी बहुतेक वेळा तीच चालते. मात्र काम सुरू करण्याआधी मेकॅनिकला दोन गोष्टी विचाराव्यात : मागचा डिरेलर (साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दात्यांपर्यंत पोहोचतो का, आणि पुढचे दातेरी चाक क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, बोल्टने जोडले आहे की रिव्हेटने. रिव्हेटचे असल्यास क्रँकसह पूर्ण संच बदलावा लागतो. या बदलाने सपाटीवरचा कमाल वेग कमी होईल. घाटाच्या प्रवासात त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. पसरणीचा घाट साधारण १२ किलोमीटरचा, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आतबाहेर. तो दमवतो, पण अचानक अंगावर येत नाही. मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या मारत ताशी सहा-सात किलोमीटरने चढावे, वळणावरच्या सावलीत थांबावे आणि दोन-सव्वादोन तास हाताशी ठेवावेत. उभे राहून, हँडल ओढत पेडल मारण्याची सवय मात्र घाटाच्या पायथ्याशीच सोडावी. फोल्डिंग सायकलचा हँडलपोस्ट उंच आणि बिजागरीवर उभा असतो, आणि त्याला सतत हिसके दिले की तिथली पकड सैल होत जाते. सीटवर बसूनच चढावे, आणि दम लागला तर उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आपण चढाविषयी विचारले आहे, पण मला काळजी वाटते ती उताराची. महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत जवळजवळ ४० किलोमीटरमध्ये रस्ता बाराशे मीटरहून अधिक खाली येतो. एवढ्या उंचीवरून स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिचा काही भाग हवा आणि रस्ता शोषून घेतात आणि उरलेली ब्रेकवाटे उष्णता होऊन रिममध्ये शिरते. २० इंची रिमचा घेर मोठ्या सायकलीच्या रिमच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. तापायला धातू कमी आणि थंड व्हायला पृष्ठभागही कमी. रिम फार तापली की आतल्या हवेचा दाब वाढतो, ट्यूबला इजा होते आणि टायर रिमवरून निसटू शकतो. वळणावर पुढच्या चाकाचे असे झाले तर सावरायला वेळ मिळत नाही. हळू जाणे म्हणजे सुरक्षित जाणे, ही समजूतही इथे पुरती लागू पडत नाही, कारण वेग जितका कमी ठेवावा तितकी हवेची मदत घटते आणि ब्रेकवाटे जाणारी एकूण उष्णता वाढते.

म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा, मग सोडून द्यावेत आणि रिमला हवा लागू द्यावी. दर दोन-तीन किलोमीटरना रस्ता सोडून थांबावे. रिम तापली आहे का, हे पाहण्यासाठी तिला बोट लावू नये. ओल्या रुमालाचे टोक टेकवावे आणि चर्र आवाज आला तर दहा-पंधरा मिनिटे तिथेच थांबावे. प्रवासाला निघण्यापूर्वीच ब्रेकपॅड नवे बसवावेत. सायकलीला डिस्क ब्रेक असले तर रिमची चिंता उरत नाही, पण थांबे घ्यावेतच.

उतार सुरू होण्यापूर्वी आणखी एक काम आहे. फ्रेमच्या मधल्या बिजागरीची कळ उघडून पुन्हा लावावी. ती बंद होताना तळव्याला स्पष्ट जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी सहज मिटत असेल, तर आतले नट थोडे आवळण्याची गरज आहे. हँडलपोस्टची कळही अशीच तपासावी, मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि बिजागरीत टकटक जाणवते का ते पाहावे. टकटक जाणवली, तर ती बंद होईपर्यंत उतारावर निघू नये.

आणि आंबेनळीच्या माथ्यावर वारा असेल, धुके असेल किंवा नुसता आत्मविश्वास वाटत नसेल, तर सायकली घडी करून पोलादपूरच्या एसटीत चढावे. डोंगराळ प्रदेशात घडीची सायकल नेण्याचा खरा लाभ हाच आहे, असे माझे मत आहे. मोठ्या सायकलीवर निघालेल्या माणसाला आखलेला रस्ता बहुधा पुरा करावाच लागतो. आपल्याला मात्र जो टप्पा मनापासून हवा तोच चालवता येतो. पावसाळ्यात हा घाट टाळावाच. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत इथला रस्ता जागोजाग खचून वाहून गेला होता, आणि ओल्या रिमवर ब्रेकची पकड निम्म्यावर येते, हे वेगळेच.

प्रश्न : खेड स्थानकावर उतरून दापोली, गुहागर, गणपतीपुळेमार्गे रत्नागिरी असा किनाऱ्याचा प्रवास फोल्डिंग सायकलवर करायचा आहे. घाट टळत असल्यामुळे हा मार्ग सोपा असेल, असे वाटते. रेल्वेत सायकल नेता येते का आणि सामान कसे बांधावे?
— ठाणे

उत्तर : मार्ग अतिशय सुंदर आहे, पण त्याला सोपा म्हणता येणार नाही. खेड ते दापोली हीच चढण आहे. पुढे दापोलीहून दाभोळला उतरायचे, वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीने ओलांडून धोपाव्याला जायचे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला पोहोचायचे, शास्त्रीची खाडी पुन्हा फेरीबोटीने ओलांडून जयगड गाठायचे आणि मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेवरून रत्नागिरीत यायचे, असा हा क्रम. या सगळ्या वाटेवर गाव समुद्राच्या पातळीला आणि रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर. प्रत्येक खाडी, प्रत्येक पुळण ओलांडली की जांभ्या दगडाच्या सड्यावर पुन्हा चढायचे. ही चढण एक-दोन किलोमीटरचीच असते, पण पसरणीच्या घाटापेक्षा पुष्कळ ठिकाणी अधिक तीव्र असते आणि दिवसातून अनेकदा येते. पसरणीला शरीर एका लयीत जाते. इथे लय लागतच नाही. म्हणून पहिल्या उत्तरातला गिअरचा बदल आपल्याला कोथरूडच्या वाचकांहून जास्त आवश्यक आहे, आणि दिवसाला ३५-४० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आखू नये.

फेरीबोटीवर सायकल उघडीच चढवावी. घडी करण्याची गरज नसते. बोट लागल्यावर मोटारी आणि दुचाकी उतरून चढाला लागेपर्यंत धक्क्यावर थांबावे, कारण धक्क्यालगतचा चढ अरुंद असतो आणि सगळी वाहने एकदम सुटतात.

रेल्वेबाबत स्पष्ट लिहितो. डब्यात वैयक्तिक सामान म्हणून नेण्याच्या पेटीची मर्यादा साधारणतः १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे, वातानुकूलित थ्री टिअर आणि चेअर कारमध्ये त्याहूनही लहान. २० इंची सायकलची घडी साधारण ८० × ६५ × ३५ सेंटिमीटर भरते, म्हणजे लांबीत बसली तरी रुंदीत आणि जाडीत बसत नाही. वजनाची अडचण नाही. स्लीपरमध्ये ४० किलोपर्यंतचे सामान विनाशुल्क नेता येते आणि सायकल बारा-चौदा किलोची असते. जाड कापडी पिशवीत पूर्ण झाकलेली, तेल पुसलेली आणि कोणाच्या वाटेत न येणारी घडी सहसा कोणाला खटकत नाही, पण तपासनीसांनी हरकत घेतल्यास नियम त्यांच्या बाजूने आहे. निश्चिंत प्रवास हवा असेल, तर वेळेपूर्वी पार्सल कार्यालयात जाऊन सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, नोंदवावी. सुट्टीच्या आणि गणपतीच्या दिवसांत तर डब्यात नेण्याचा विचारच करू नये.

सामानाचा मोठा भाग पुढे ठेवावा, अशी माझी ठाम शिफारस आहे. लहान सायकलीचा मागचा भाग आखूड असतो. मागच्या कॅरिअरला मोठ्या पिशव्या लावल्या की टाचा त्यांना आपटतात आणि चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते. फ्रेमला पुढे ठोकळा बसवून त्यावर पिशवी अडकवण्याची सोय असेल तर उत्तम, कारण मग ते वजन हँडलबरोबर वळत नाही. मागे फक्त कपड्यांची हलकी पिशवी ठेवावी. स्वार आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक सायकलींना ही मर्यादा १०० ते ११० किलोच्या दरम्यान असते आणि ती पाळायलाच हवी.

प्रश्न : वाटेत पंक्चर झाले, तर खेड्यातल्या दुकानात लहान चाकाची ट्यूब मिळेल का?
— नाशिक

उत्तर : ते टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यावर अवलंबून आहे. तिथे ४०-४०६ किंवा ४७-४०६ असे काही असेल, तर चिंता नाही. आपल्याकडच्या मुलांच्या २० इंची सायकलींनाही सहसा हेच ४०६ माप असते, त्यामुळे तालुक्याच्या गावी ट्यूब आणि निकडीला टायरही मिळतो. आकडा ४५१ असेल, तर चाक २० इंचीच म्हणवत असले तरी ४०६ मापाचा टायर त्यावर चढणार नाही. १६ इंचीतले ३४९ माप तर मोठ्या शहरातही विचारावे लागते. या दोन्ही मापांसाठी दोन ट्यूब आणि एक घडीचा टायर जवळ ठेवावा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड निवडावा; पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त लंडनमध्ये राहतो. माझ्याकडे सहा गिअरची ब्रॉम्प्टन ही फोल्डिंग सायकल आहे. तिच्यावर इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात दोन-तीन दिवस फिरता येईल का?
— लंडन

उत्तर : अवश्य येईल, आणि तिथे रेल्वेचा प्रश्नही नाही, कारण पूर्ण घडी केलेली सायकल ब्रिटनच्या गाड्यांत आरक्षणाशिवाय नेता येते. स्टॉकपोर्टला गाडी बदलून बक्स्टन गाठावे. तिथून काही किलोमीटरवर मॉन्सल ट्रेल सुरू होते. १९६८मध्ये बंद झालेल्या लोहमार्गावरची ही वाट सुमारे १३.७ किलोमीटर लांब आहे आणि २०११मध्ये बोगदे खुले झाल्यापासून ती बेकवेलच्या दिशेने सलग जाते. आगगाडीसाठी आखलेली असल्यामुळे चढ अगदी सौम्य आहे. बक्स्टन ते ट्रेल हा ए-६ रस्त्याचा तुकडा मात्र वर्दळीचा आहे. तेवढ्यासाठी बस घेणे इष्ट.

‘पार्स्ली हे’ या ठिकाणाहून क्रॉमफर्डकडे जाणारी हाय पीक ट्रेलही जुन्याच लोहमार्गावर आहे, पण तिच्या शेवटच्या भागात सावध राहावे. १८३०च्या सुमारास बांधलेल्या या मार्गावर मिडलटन आणि शीप पाश्चर इथे डबे दोरांनी ओढले जात, कारण तिथला उतार जवळजवळ आठास एक आहे. ब्रॉम्प्टनची १६ इंची रिम आणि खडीची वाट लक्षात घेता या दोन्ही उतारांवर खाली उतरून चालावे.

मूळ ५० दात्यांच्या पुढच्या चाकावर आपली सायकल सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीत सुमारे २.६५ मीटर जाते. ४४ दात्यांचे बसवल्यास हे अंतर २.३ मीटरवर येते. लोहमार्गाच्या वाटांवर हा बदल नसला तरी चालेल. खेड्यांना जोडणारे रस्ते मात्र तिथे दरीतून थेट वर चढतात, त्यामुळे मुक्काम ट्रेलपासून दूर असेल, तर हा बदल निघण्यापूर्वी करून घ्यावा.